फक्त आडनावं

"नावं नकोत, जाधव मॅडम," भाऊसाहेब माझ्या संगणकाच्या पडद्यावर बोट टेकवून म्हणाले. "मला फक्त आडनावं काढून द्या. वेगळ्या रकान्यात."

मी मान वर करून बघितलं. ते नेहमीसारखेच उभे होते, पांढरा शर्ट, खिशाला पेन, चेहऱ्यावर सगळ्यांसाठी सारखंच असलेलं हसू. हायस्कूलचे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त होऊन ते आमच्या संस्थेचे सचिव झाले होते. त्यांचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. तालुक्यात सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. त्यांचं आडनाव मी इथे सांगत नाही, आणि ते मुद्दाम.

संस्थेला तालुक्यातल्या शाळांच्या दुपारच्या जेवणाचं काम मिळालं होतं. पूर्वी प्रत्येक शाळेच्या आवारात एखादी बाई चूल मांडून खिचडी शिजवायची. आता एकाच मोठ्या स्वयंपाकघरात शिजणार होतं आणि डबे भरून गाडीने गावोगाव जाणार होतं. त्यासाठी बायका घ्यायच्या होत्या. ज्यांची शाळेतली चूल बंद झाली त्यांना आधी घ्यायचं, असं ठरावात लिहिलेलं होतं. अर्ज ढिगाने आले. ते सगळे संगणकात भरायचं काम माझं. मी तिथे दोन वर्षांपासून ऑपरेटर होते, कंत्राटावर.

"हजेरीपट अकारविल्हे करायला बरं पडेल," भाऊसाहेब म्हणाले.

मला त्यात वावगं काही वाटलं नाही. उलट आनंदच झाला. एकेका नावापुढे आडनाव पुन्हा टाइप करत बसण्यापेक्षा मी मॅक्रो लिहायला घेतला. मॅक्रो म्हणजे संगणकाला एकदाच समजावून सांगायचं, मग तो तेच काम शेकडो ओळींवर आपणहून करतो. माझं सांगणं सोपं होतं. नावातली शेवटची मोकळी जागा शोध, तिच्यापुढे जे असेल ते उचल आणि शेजारच्या रकान्यात ठेव.

पहिल्या फेरीत गोंधळ झाला. काही बायकांनी शाळेच्या दाखल्यासारखं आडनाव आधी लिहिलं होतं, त्यांच्यापुढे नवऱ्याचं किंवा बापाचं नाव येऊन बसलं. शेख रजिया शेख महेबूब हिचं आडनाव महेबूब झालं. पारूबाई नावाच्या एका बाईने अर्जावर नुसतं पारूबाई लिहिलं होतं. तिच्या नावात मोकळी जागाच नाही, म्हणून मॅक्रो तिच्यापाशी येऊन अडून बसला. मी एकेक अडचण सोडवत गेले. काम जमलं तेव्हा कळ दाबली आणि सगळा रकाना वरपासून खालपर्यंत झरझर भरत गेला. मी खुर्चीत मागे टेकून ते बघत राहिले. त्या कार्यालयात मी केलेल्या कुठल्याच गोष्टीचा मला इतका अभिमान वाटला नव्हता.

भाऊसाहेबांनी छापील कागद घेतले, "वा" म्हणाले आणि आपल्या खोलीत गेले. पारूबाईचं काय करायचं, असं मी मागून विचारलं. जिला आपलं आडनाव लिहायचं कळत नाही तिला घेऊन काय करायचं, असं काहीसं ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर एक चिठ्ठी ठेवली. तिच्यावर सुबक अक्षरात पाच-सहा आडनावं होती. गायकवाड, पवार, मोरे, शिंदे. जाधवही होतं.

"ह्या आडनावांच्या बायकांना फोन लावा," ते म्हणाले. "गाव विचारा. आणि घर गावात कुठल्या अंगाला आहे, तेही विचारून घ्या."

मी विचारलं, कशासाठी?

"गाडी जाईल ना आणायला. ड्रायव्हरला सोयीचं पडतं."

मी चिठ्ठीकडे बघत राहिले. ड्रायव्हरला फक्त गायकवाडांचं आणि पवारांचंच घर सापडत नाही काय, असं माझ्या ओठावर आलं होतं. पण भाऊसाहेब तोवर वळले होते. मी फोन उचलला आणि पहिलंच नाव लावलं ते गयाबाई अश्रोबा गायकवाड.

गयाबाईला मी ओळखत होते. अर्ज द्यायला ती स्वतः आली होती. उंच, काटक, पन्नाशीच्या अलीकडची बाई. अर्जाचा कागद तिने दुधाच्या पिशवीत गुंडाळून आणला होता. मुलाने लिहून दिलाय, पण तो घाईत असतो, एकदा वाचून दाखवा, असं म्हणाली. मी वाचून दाखवला. तिच्या गावच्या शाळेत ती कित्येक वर्षं खिचडी करत होती. सुरुवातीला घरून पोरांना शाळेत जेवू नका म्हणून सांगितलं जायचं, हे तिनेच मला सांगितलं, तेही हसत. मग पोरं खायला लागली कशी, असं मी विचारलं. "भूक लागल्यावर वास येतो की, बाई," ती म्हणाली होती. त्यावर आम्ही दोघी हसलो होतो.

फोन शेजाऱ्यांचा होता. तिला बोलावून आणेपर्यंत मी रिसीव्हर धरून बसले. ती आली, धापा टाकत. कामाचा निरोप असेल म्हणून पळत आली होती. मी गाव विचारलं, तिने सांगितलं. मग मी विचारलं, "घर गावात कुठल्या अंगाला आहे?"

पलीकडची धाप थांबली. मला वाटलं फोन तुटला.

मग ती सावकाश म्हणाली, "ज्या अंगाला असंल म्हनून इचारताय ना बाई, त्याच अंगाला हाय."

तिने फोन ठेवला. मी ठेवला नाही. रिसीव्हर हातात घट्ट धरून बसून राहिले. तिला वाटलं असणार की हे मी विचारलं. माझ्या तोंडून गेलं होतं, माझ्या आवाजात.

मी उठून भाऊसाहेबांच्या खोलीत गेले. ते फळ्यावरचं वेळापत्रक पुसत होते. टेबलावर माझे छापील कागद पसरलेले होते. आडनावांच्या रकान्यावर लाल पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या, पट्टी लावून, सरळ. साळवे कापलेलं. कांबळे कापलेलं. वाघमारे, शेख, राठोड कापलेली. ज्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह होतं ती आडनावं माझ्या चिठ्ठीत होती. ह्या कामासाठी मी मॅक्रो लिहिला होता. त्यांना अर्ज वाचायचीही गरज पडू नये, ह्याची मी सोय करून दिली होती.

"हे काय आहे?" मी विचारलं.

भाऊसाहेबांनी डस्टर खाली ठेवलं, हात झटकले, मला बसा म्हणाले. मी बसले नाही. मग त्यांनी मला समजावायला सुरुवात केली, एखाद्या हुशार पण हट्टी मुलीला समजवावं तसं. त्यांच्या स्वतःच्या मनात काही नाही. ते कुणाच्याही घरी पाणी पितात. पण गावं अजून तशी नाहीत. उद्या एका गावाने डबे परत पाठवले तर दुसरं गाव पाठवेल, मग काम आपल्या हातून जाईल, आणि उपाशी कोण राहणार तर लेकरंच. म्हणून आधीच काळजी घेतलेली बरी. कुणाला दुखवायचं नाही, कुठे लिहायचं नाही, बोलायचं तर मुळीच नाही.

"ठरावात लिहिलंय की जुन्या बायकांना आधी घ्यायचं," मी म्हटलं.

"घेऊ की. त्यातल्या घेण्यासारख्या घेऊ."

"आणि मी तक्रार केली तर?"

"काय म्हणून कराल? लेखी काय आहे? अकारविल्हे यादी आहे." ते हसले. मग मऊपणाने म्हणाले, "जाधव मॅडम, हे मी दुसऱ्या कुणाला इतकं उलगडून सांगितलं नसतं. तुम्ही आपल्यातल्याच आहात म्हणून सांगतो."

मी बाहेर आले. बोलायला तोंड उघडलं असतं तर मी त्या टेबलावरची काच फोडली असती, एवढं मला पक्कं आठवतं.

गुरुवारी स्वयंपाकाची परीक्षा ठेवली होती. शाळांचे तीन मुख्याध्यापक आणि पंचायत समितीचे विस्तार अधिकारी येणार होते. बायकांनी खिचडी शिजवायची, ह्यांनी चाखून निवड करायची. बोलवायचं कुणाला, ते भाऊसाहेबांनी ठरवलेलं होतं. रेघा न मारलेल्या नावांची नवी यादी माझ्याकडे देऊन ते बुधवारी सकाळी परभणीला गेले.

मी कार्यालयाच्याच फोनवरून जुनी यादी लावायला घेतली, पहिल्या नावापासून. साळवे, कांबळे, वाघमारे, शेख, राठोड, सगळ्यांना. ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांच्या गावच्या किराणा दुकानात, पिठाच्या गिरणीत निरोप ठेवले. पारूबाईचा नंबर नव्हता, तिच्या गावच्या ग्रामसेवकाला फोन करून तिच्यापर्यंत निरोप पोचवायला लावला. गयाबाईला लावला तेव्हा ती फोनवर यायलाच तयार नव्हती. शेजारीण म्हणाली, ती म्हणते तिला सांगा मी घरी नाही. मी शेजारणीला म्हटलं, तिला सांगा की काल विचारलं ते मी विचारलं नव्हतं, मला विचारायला लावलं होतं, आणि उद्या परीक्षेला ती आली नाही तर ज्याने विचारायला लावलं त्याचं बरं होईल. शेजारणीने हे जसंच्या तसं ओरडून सांगितलेलं मला ऐकू आलं. 

सगळे फोन झाल्यावर मी संगणकापुढे बसले. तोच मॅक्रो उघडला. शेवटच्या मोकळ्या जागेपुढचं उचल, असं जिथे मी लिहिलं होतं तिथे लिहिलं, ते सोडून दे आणि त्याच्या आधीचं उचल. कळ दाबली. गयाबाई अश्रोबा. रजिया महेबूब. जनाबाई किसन. पारूबाईवर मॅक्रो अडला नाही ह्या वेळी, कारण तिच्यापुरती मी वेगळी ओळ लिहिली होती. त्या यादीच्या मी चार प्रती काढल्या.

गुरुवारी सकाळी मी पोचले तेव्हा स्वयंपाकघराच्या पत्र्याच्या शेडपुढे बायकाच बायका होत्या. झाडाखाली, भिंतीच्या सावलीत, टेम्पोच्या मागे. काहींनी घरून पळी, उलथनं आणलेलं. गयाबाई फाटकाजवळ एकटी उभी होती. माझ्याकडे तिने बघितलं आणि मान दुसरीकडे फिरवली. पण आली होती.

भाऊसाहेब पाहुण्यांबरोबर गाडीतून उतरले आणि उतरता उतरताच त्यांचं हसू थांबलं.  पाहुण्यांना खुर्च्यांवर बसवलं, पाणी द्यायला सांगितलं. तोवर मी चारही पाहुण्यांच्या हातात याद्या दिल्या होत्या.

विस्तार अधिकाऱ्यांनी यादी वाचली. "आडनावं राहिलीत," ते म्हणाले.

"ठेवलीच नाहीत, साहेब. खिचडीला लागत नाहीत," मी म्हटलं.

त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा भाऊसाहेबांकडे बघितलं. भानगडीचा वास त्यांना आला असणार, कारण त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि पुढे काही विचारलं नाही.

भाऊसाहेब पुढे झाले. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी जाहीर केलं की, गॅसची टाकी संपली आहे, परीक्षा आज होऊ शकत नाही, पुढची तारीख कळवण्यात येईल, सर्वांनी आपापल्या गावी जावं. टाक्या भरलेल्या होत्या. आदल्या दिवशी मीच उतरवून घेतल्या होत्या. मी तसं म्हणायला तोंड उघडलं, पण त्याआधी फाटकाजवळून आवाज आला.

"गॅस कशाला पायजे?" गयाबाई म्हणाली. "इतकी वर्सं काय गॅसवर केलं का आमी?"

ती शेडच्या मागे गेली आणि तीन विटा घेऊन आली. जमिनीवर ठेवल्या. मग दुसरी एक बाई उठली, मग चार उठल्या. कुणी सरपण गोळा करायला गेलं, कुणी पातेली उचलली. कोणी कोणाला काही सांगत नव्हतं. थोड्याच वेळात आवारात जागोजागी धूर निघायला लागला. शिपायाने भाऊसाहेबांकडे बघितलं, अडवू का म्हणून. पाहुण्यांसमोर ते नाही म्हणू शकत नव्हते आणि हो म्हणू शकत नव्हते.

ते माझ्याजवळ आले. मला घेऊन टेम्पोच्या आडोशाला गेले.

"हे तुम्ही बरं केलं नाहीत," ते हळू म्हणाले. "आपल्याच माणसांच्या पोटावर पाय दिलात."

"आपली म्हणजे कुणाची?"

ते शेडकडे बघू लागले.

"गायकवाडांना फोन करून विचारायला लावलंत. पवारांना लावलंत. तुमच्या शेजारच्या खोलीत दोन वर्षं एक जाधव बसते, तिला कधी विचारलं नाहीत. मी सांगते आता. माझ्या बापाचं घर गयाबाईच्याच अंगाला आहे, भाऊसाहेब. आणि माझ्या डब्यातली जवसाची चटणी तुम्ही मागून मागून खाल्लीत."

त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि तोंड पुसलं.

घाम पुसतात तसं नाही. ओठ पुसले. एकदा, दोनदा, घासून. आपण काय करतोय हे त्यांच्या ध्यानात आलं असेल असं मला वाटत नाही. चेहऱ्यावर राग नव्हता, शरम नव्हती. हात आपला आपण वर गेला होता आणि काम करून खाली आला. मग रुमालाची नीट घडी घालून त्यांनी तो खिशात ठेवला.

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. बदली होईल त्या गावी भाड्याची खोली शोधायची आणि घरमालकाने "जाधव म्हणजे कुठले?" असं विचारलं की "तिकडचेच" म्हणून हसून वेळ मारून न्यायची, हे बघत मी मोठी झाले. त्यांचं ते हसणं मला कधी समजलं नव्हतं. एवढ्या मोठ्या माणसाला स्वतःच्या आडनावाच्या आड लपावंसं का वाटतं, म्हणून मी त्यांच्यावर चिडायची. त्या टेम्पोच्या आडोशाला उभी असताना मला ते कळलं, आणि वडिलांवरचा माझा सगळा राग तिथल्या तिथे जागा सोडून समोरच्या माणसावर जाऊन बसला. तो अजून तिथेच आहे.

"माझा हिशोब करून टाका," मी म्हटलं. "पण मी इथून आज संध्याकाळपर्यंत हलणार नाही. कोण कुणाचं पातेलं चाखतं ते मी बघणार आहे."

दुपार झाली. पाहुण्यांना भुका लागल्या होत्या. आवारात सगळीकडे फोडणीचा वास होता. तिन्ही मुख्याध्यापक एकमेकांकडे बघत बसले, पहिला घास कोण घेतो म्हणून. शेवटी विस्तार अधिकारीच उठले. ते काही फार धीट गृहस्थ होते असं मला वाटत नाही. शंभरावर बायका हातातलं काम थांबवून आपल्याकडे बघतायत, एवढं मात्र त्यांना दिसत होतं. ते सरळ सगळ्यात जवळच्या चुलीपाशी गेले, ताटली पुढे केली. ती चूल पारूबाईची होती. त्यांनी खाल्लं, मान हलवली, पुढच्या चुलीकडे गेले. मग मुख्याध्यापकही उठले. भाऊसाहेबही उठले. त्यांनी प्रत्येक ताटलीतून घास घेतला आणि प्रत्येकीला छान झालं म्हणून सांगितलं.

निवड झाली. यादीत आडनावं नव्हती आणि सगळ्यांसमोर ती विचारायची कुणाची छाती झाली नाही, त्यामुळे कापलेल्या नावांतल्या बऱ्याच जणी आत आल्या. गयाबाई आली, रजिया आली, पारूबाई आली. माझं कंत्राट त्याच आठवड्यात संपवण्यात आलं. कारण लिहिलं होतं, कामात अनियमितता.

मी नांदेडला गेले, एका क्लासमध्ये संगणक शिकवायला लागले. तिकडच्या बातम्या अधूनमधून कानावर यायच्या. स्वयंपाकघर सुरू झालं. भाऊसाहेबांनी कामाची वाटणी केली आणि ज्या बायकांची नावं त्यांनी आधी कापली होती, त्या सगळ्यांना भांडी घासायला, तांदूळ निवडायला आणि झाडलोटीला लावलं. चुलीपाशी त्यांच्यातली एकही नाही. हे कळलं त्या दिवशी मी वर्गात पोरांवर विनाकारण ओरडले. मला वाटलं, संपलं. त्यांनी आपलं तेच केलं, फक्त एक पायरी खाली जाऊन.

दिवाळीच्या आधी मी आईकडे आले होते, तेव्हा आठवडी बाजारात गयाबाई भेटली. मिरच्या घेत होती. मला बघून तिने ह्या वेळी मान फिरवली नाही. पिशवी खाली ठेवून उभी राहिली. आम्ही थोडं इकडचं तिकडचं बोललो. मग मी म्हटलं, भांडी घासायला लावलं म्हणे तुम्हाला.

"लावलं की. पयल्याच दिवशी ही मोठी कढई दिली घासायला," ती म्हणाली. "घासली मी. लख्ख घासली. मग उचलून शेगडीवर ठिवली आन् त्यातच फोडणी टाकली."

"आणि ते काही बोलले नाहीत?"

"बोलत व्हते. मी म्हनलं, निवड सैपाकाची झालीय माझी, कागूद हाय. धा जनी माझ्यामागं येऊन हुब्या ऱ्हायल्या. मग काय बोलतेत."

मी विचारलं, डबे परत आले का?

"आले ना. तीन गावचे आले. भरलेलेच." ती मिरच्या निवडता निवडता म्हणाली. "आमी बसून खाल्लं ते, पोटभर. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरले, पुन्हा धाडले. पुन्हा आले. पुन्हा धाडले. लेकरांनी खाल्लं मग. लेकरांचं काय."

"आता येतात का?"

"एकाच गावचा येतो अजून."

"मग काय करता?"

तिने मिरच्या पिशवीत टाकल्या, पिशवीचं तोंड आवळलं.

"धाडतो रोज," गयाबाई म्हणाली.